मोहरीचा लेप

मोहरीच्या कापणीचे ऐन दिवस, आणि तडतड्याने स्वतःच्याच पायावर विळा मारून घेतला. बाकीचे लोक कुऱ्हाड मारून घेतात, याला विळा पुरला. मोहरी पहाटेच्या दवात कापावी लागते. ऊन चढलं की शेंगा तडकतात आणि हंगामभराची मेहनत मातीत जाते. म्हणून सगळे खाली मान घालून भराभर कापत असतात आणि कोणी कोणाशी बोलत नाही. तडतड्या बोलला. बांधापलीकडून शेजारच्या ढोल्याने त्याला डिवचलं, उत्तर द्यायला हा वळला, आणि विळा घोट्याच्या वर खचकन बसला.

त्याला तडतड्या म्हणायचे ते काही उगाच नाही. तापल्या तेलात मोहरी पडावी तशी त्याची जीभ चालायची. नाव लहानपणी पडलं, मग लग्न झालं, मुलगी झाली, तरी ते गळून पडलं नाही. माहेरी गेल्यावर बायकोही त्याची तक्रार याच नावाने करायची. मनाने तो वाईट नव्हता. पण चार माणसांत आपण कमी पडतोय असं वाटलं की त्याचं डोकं फिरायचं, आणि ते जागेवर यायच्या आत त्याने काहीतरी करून ठेवलेलं असायचं.

पायाला टाके पडले. दवाखान्यातल्या नर्सने बजावलं, ओल्यात जायचं नाही आणि उगाच चालायचं नाही. त्यामुळे आई आणि बायको शेतावर, आणि घरातला कर्ता पुरुष घरी, लेकीला, चिमीला सांभाळायला. चिमी अजून भिंतीला धरून चालत होती. तिला सांभाळणं जड नव्हतं, जड होतं ते रस्त्यावरून येणाऱ्याजाणाऱ्यांचं बोलणं. ढोल्या तर मुद्दाम खिडकीशी थांबायचा.

"काय तडतड्या, अंगाई पाठ झाली का?"

"तुझ्या आईने तुला म्हटलेली शिकव की मला," तडतड्या म्हणायचा. ढोल्या पोट धरून हसायचा आणि पुढे जायचा, आणि तडतड्या उरलेला दिवस त्यापेक्षा झणझणीत उत्तर शोधण्यात घालवायचा.

त्यातच चिमीची छाती भरली. श्वास घेताना घरघर वाजायला लागली.

आईला त्याची काळजी वाटली नाही. तिच्या लेखी मोहरी म्हणजे अर्धं स्वयंपाकघर आणि अख्खा दवाखाना. कोवळा पाला भाजीला, दाणे फोडणीला, वाटलेली मोहरी लोणच्यात, तेल गुडघ्यांना. सर्दीला मोहरीच्या पाण्यात पाय बुडवून बसायचं, दाढ दुखली तर गालाला पुरचुंडी धरायची, आणि छाती भरली तर लेप. दवाखान्याच्या पुढचंही मोहरीच बघायची. कोणी सारखं दचकू लागलं, गाय अचानक आटली, नवं घर लाभेना, की लोक आईला बोलवायचे आणि ती मूठभर मोहरी घेऊन निघायची. पण तिचा खरा लौकिक लेपाचा. "माझ्या लेपाने आजवर कोणाच्या अंगावर पुटकुळी उठली नाही," असं ती सांगायची, आणि ते खरं होतं.

"नीट ऐक," शेतावर निघताना तिने तडतड्याला सांगितलं. "वाटलेली मोहरी एक चमचा, पीठ दोन चमचे. कोमट पाण्यात कालवायचं, फडक्यात घालायचं, मग छातीवर बांधायचं. आणि खडीसाखरेचा खडा तोंडात धर. चावायचा नाही. तो विरघळला की लेप काढायचा. पोर झोपलेली असली तरी काढायचा."

"घड्याळ आहे की घरात."

"घड्याळ तुला घरात बसवून ठेवत नाही. तोंडात खडा असला की बोलता येत नाही, आणि बोलता आलं नाही की तू कुठे जात नाहीस."

बायको हसली. तडतड्याला ते लागलं, पण आईपुढे काय बोलणार.

त्या दोघी गेल्यावर सुपवाली आली. मोहरीची मळणी कोणीही करतो, पण उफणणी सगळ्यांना जमत नाही. दाणा एवढासा, वारा जरा जास्त झाला की भुशाबरोबर तोही उडून जातो. सुपवालीचा हात असा की भुसा लांब पडायचा आणि दाणा तिच्या पायाशी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. हंगामात ती या खळ्यावरून त्या खळ्यावर जायची, आणि वाटणीला येणाऱ्या मोहरीवर तिचं वर्ष निघायचं. तडतड्याला तिने लहानपणी खळ्यावर सुपात बसवून झुलवलेलं होतं.

"तुमचा ढीग कधी तयार होतोय ते विचारायला आले," ती दारातूनच म्हणाली. "पाय कसा आहे रे?"

"आहे जागेवर. या की मावशी आत."

"नको, पाय मातीचे आहेत." तिची नजर चिमीवर गेली. "अगं बाई, केवढी झाली ही! दृष्ट लागण्यासारखी झाली आहे हो पोर." चिमीने खोकत खोकत तिला हात दाखवला. सुपवालीनेही हात हलवला आणि ती गेली.

तडतड्याने मोहरी वाटली. पिठाचा डबा उघडला तर तळ दिसत होता. खरवडून खरवडून चिमूटभर पीठ निघालं. शेजारून आणता आलं असतं, पण शेजार म्हणजे ढोल्याचं घर. लेकीसाठी पीठ मागायला लंगडत दारात गेलो की ढोल्याला महिनाभर पुरेल एवढी चेष्टा मिळाली. त्यापेक्षा आहे त्यात भागवू, असं त्याने ठरवलं. चिमूटभर पिठात मोहरी कालवली, फडक्यात घातली, चिमीच्या छातीवर बांधली, तिला अंथरुणावर थोपटत निजवलं, आणि आईने सांगितल्याप्रमाणे खडीसाखरेचा खडा तोंडात टाकला. इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं असं त्याला वाटत होतं.

खिडकीतून खळं दिसायचं. खळं दोन घरांचं, मधे दगडांची ओळ. ढोल्याने आपल्या पेंढ्या रचल्या होत्या आणि त्यातल्या काही दगड ओलांडून तडतड्याच्या बाजूला पडल्या होत्या. शेजारधर्म म्हणून तडतड्याने पेंढ्या उचलून परत ठेवल्या असत्या तर गोष्ट तिथे मिटली असती. तडतड्याने काठी घेतली आणि लंगडत खळ्यावर गेला. तोंडातला खडा त्याने गालात सरकवला.

"दगड दिसत नाहीत का तुला? की पोटाच्या आड गेले?"

"तू बाळ झोपव रे," ढोल्या म्हणाला. "इथे पुरुषांची कामं चालू आहेत."

झालं. ज्याच्या खळ्यावर जो होता तो हातातलं काम टाकून आला. आजोबांच्या काळातली भांडणं उकरून काढली गेली. दगड कोणी हलवले, कोणाच्या बैलाने कोणाची कडब्याची गंजी खाल्ली, कोणाच्या लग्नात कोणाला पंगतीतून उठवलं, सगळं निघालं. लोकांना करमणूक झाली. तडतड्याला एकेक वाक्य असं सुचत होतं की लोक वा म्हणत होते, आणि घरी बसून राहिल्याची सगळी कसर त्याने भरून काढली. खडा कधीच विरघळून गेला.

भांडण रंगात असताना घरातून चिमीचा आवाज आला. आधी कुरकुर, मग रडणं, मग किंचाळणं. गलक्यात तो दुसऱ्या कोणाला ऐकू गेला नसेल, पण तडतड्याला ऐकू आला. रडू दे, रडल्याने कफ सुटतो, असं त्याने मनाशी म्हटलं. पण ते काही खरं नव्हतं. पोर रडतेय म्हणून मी पळत घरी गेलो तर हे सगळे हसतील, एवढंच त्याच्या मनात होतं. म्हणून तो थांबला. ढोल्याने पेंढ्या उचलेपर्यंत थांबला, आणि त्यानंतरही दोन शब्द जास्त बोलून मग निघाला.

घरी आला तेव्हा चिमीचं रडणं संपलं होतं. ती नुसती हुंदके देत होती. त्याने फडकं सोडलं. छाती लालबुंद झाली होती. त्याने गार पाण्याने पुसलं, फुंकर घातली, तिला खांद्यावर घेऊन घरभर फिरला. लेपाने अंग लाल होतंच, उतरेल संध्याकाळपर्यंत, असं तो स्वतःला सांगत राहिला.

संध्याकाळपर्यंत फोड आले.

बायकोने अंगडं वर केलं आणि हातातला दिवा तसाच धरून ती खाली बसली. आई धावत आली. तिने फोड पाहिले आणि तडतड्याकडे वळली.

"पीठ दुप्पट घातलं होतंस?"

"घातलं होतं."

"खडा विरघळल्यावर काढलास?"

"विरघळला तसा काढला."

"इथेच होतास?"

"मग कुठे जाणार, हा पाय घेऊन?"

तो खळ्यावर गेल्याचं गावाला माहीत होतं, पण त्या दोघींपर्यंत अजून पोहोचलं नव्हतं. पुढे भांडणाचं त्यांनी ऐकलं तेव्हा ते लेपाच्या आधी झालं असं त्याने सांगून टाकलं. एका खोट्याला दुसरं टेकू देत गेलं.

आईने दिवा जवळ घेऊन फोड पुन्हा पाहिले. तिच्या लेपाने फोड येणं तिच्या डोक्यात बसत नव्हतं. लेप बरोबर, मुलाने सांगितल्याप्रमाणे केलेला, मग हे आलं कुठून? तिने विचारलं, "सकाळपासून घरी कोण आलं होतं?"

"कोणी नाही," असं तो म्हणू शकला असता. पण आईची नजर त्याच्यावरून दुसरीकडे कुठेही जावी एवढंच त्याला हवं होतं.

"सुपवाली आली होती. दारातूनच गेली."

"काय म्हणाली?"

"काही नाही. पोर दृष्ट लागण्यासारखी झाली म्हणाली."

आईने मान हलवली, आणि तडतड्याला सुटल्यासारखं वाटलं. पुढे त्याला ज्या ज्या गोष्टींची लाज वाटली त्यात ही सुटका सगळ्यात वर होती.

बायको म्हणाली, "आपण दवाखान्यात नेऊ." तडतड्या म्हणाला, उद्या बघू. दुसऱ्या दिवशीही तो म्हणाला, उद्या बघू. नर्स बघताक्षणी ओळखेल हे त्याला माहीत होतं. शेवटी बायकोने त्याला न विचारता चिमीला उचललं आणि गेली. परत आली ती मलम आणि पट्टी घेऊन.

"भाजलंय म्हणाली. कशाने भाजलं विचारत होती. मी काय सांगणार? पोर विस्तवाजवळ गेलीच नाही."

"बघ," आई म्हणाली. "विस्तव नाही आणि भाजलं. याला काय म्हणतात ते नर्सला कसं कळणार?"

बायकोने लेपाबद्दल नर्सला सांगितलंच नव्हतं. सासूच्या लेपाला नाव ठेवल्यासारखं झालं असतं.

आईने चिमीवरून मूठभर मोहरी उतरवली आणि चुलीत टाकली. मोहरी फटाफट उडाली. कोरडी मोहरी विस्तवात पडल्यावर दुसरं काय करणार, पण आईने त्यातून हवं ते ऐकलं. मग तिने उंबऱ्यावर मोहरीची जाड रेघ ओढली. ज्याची नजर लागली असेल त्याला ती रेघ ओलांडता येत नाही, तो दाणा दाणा उचलत बसतो, असं ती मानायची. शेजारच्या बायका चिमीला बघायला येत होत्या. त्या रेघेवरून सांभाळून पाय टाकत, आपण अडकलो नाही म्हणून हलकं वाटून आत येऊन बसत. ढोल्याची बायको तर दोनदा आतबाहेर करून गेली.

सुपवाली आली ती लोण्याची वाटी घेऊन. भाजल्यावर लोणी लावतात म्हणून. उंबऱ्याशी आली आणि थांबली.

"अगं बाई, मोहरी सांडली की! पायाखाली जाईल सगळी."

तिने वाटी बाजूला ठेवली, उकिडवी बसली आणि दाणे वेचायला लागली. आयुष्यभर ती हेच करत आली होती. सांडलेला दाणा दिसला की तिचा हात खाली जायचाच, त्याला तिचा इलाज नव्हता. एका हाताने मातीतला दाणा उचलायचा, दुसऱ्या तळव्यात टाकायचा, फुंकर मारायची. आत बसलेल्या बायकांचं बोलणं एकेक करत थांबलं.

"ओलांडवत नाही ना?" आईचा आवाज वेगळाच लागला होता.

"काय ओलांडवत नाही?" सुपवाली मान वर करून म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर अजून हसू होतं. मग तिने बायकांकडे पाहिलं, रेघेकडे पाहिलं, स्वतःच्या तळव्यातल्या दाण्यांकडे पाहिलं, आणि तिला समजत गेलं. हसू लगेच गेलं नाही. कुठे ठेवावं ते न कळल्यासारखं थोडा वेळ चेहऱ्यावर तसंच राहिलं.

तडतड्या भिंतीला टेकून बसला होता. ती त्याला म्हणाली, "तू होतास ना रे घरी? तू तरी सांग. मी तिला हात तरी लावला का?"

"नाही लावला," तडतड्या म्हणाला.

"हात कशाला लागतो?" आई म्हणाली.

इथे बोलायचं होतं. एका वाक्याचं काम होतं, आणि ज्याच्या तोंडातून वाक्य कधी अडत नव्हतं तो तडतड्या पायाची पट्टी नीट करत बसला. पट्टी नीटच होती. सुपवालीने तळव्यातले दाणे उंबऱ्याच्या कडेला ओतले, एकही इकडे तिकडे जाऊ न देता, आणि उठून निघून गेली. लोण्याची वाटी तिथेच राहिली. त्या लोण्याला घरात कोणी हात लावला नाही.

त्यानंतर मळण्या झाल्या, ढीग तयार झाले, वारा चांगला सुटला, आणि सुपवालीला कोणी बोलावलं नाही. कोणी तिला वाईट बोललंही नाही. तिने विचारलं की लोक म्हणायचे, अजून ढीग ओला आहे. कोणी म्हणायचे, यंदा घरच्या घरीच करणार आहोत. बायका आपापली सुपं घेऊन खळ्यावर उभ्या राहिल्या आणि अर्धी मोहरी भुशात उडवू लागल्या. तडतड्याच्या खळ्यावर बायको उफणत होती. तिचे हात दुखत होते, डोळ्यांत धूळ गेली होती, आणि दाणा दगडांची ओळ ओलांडून ढोल्याच्या बाजूला पडत होता. ढोल्या मात्र आता काही बोलत नव्हता. चिमी आजारी असल्यापासून तो भाजीपाला आणून द्यायला लागला होता. चेष्टा बंद झाली होती, आणि तडतड्याला ती चेष्टा परवडली असती.

सुपवाली गाव सोडून बहिणीकडे जाणार असं कानावर आलं. बहिणीचं स्वतःचंच भागत नव्हतं, पण इथे वर्षभर खायचं काय?

पाय बरा झाल्यावर तडतड्या चिमीला कडेवर घेऊन तिची पट्टी बदलायला निघाला. अरुंद बोळात समोरून सुपवाली आली. त्याने पाहिलं तोवर तिनेही पाहिलं होतं. ती झटकन भिंतीला लागली आणि तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. चिमीवर आपली नजर पडू नये म्हणून. म्हातारी बाई, कपाळ भिंतीला टेकलेलं, वाट देऊन उभी. चिमीने तिला ओळखलं आणि हात हलवला. तो हात तिला दिसला नाही.

तडतड्या पुढे गेला. हाक मारावी असं त्याला वाटलं, पण तो चालत राहिला. शरमेने त्याला आपलंच अंग नकोसं झालं. दवाखान्याच्या बाकावर तो चिमीला मांडीवर घेऊन बसला आणि तिच्या डोक्यावर हनुवटी टेकून रडला. नर्सला वाटलं, पोरीच्या काळजीने रडतोय. तिने त्याला पाणी दिलं, तेही त्याने घेतलं.

घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं. पीठ नव्हतं, लेप उग्र झाला, मी खळ्यावर भांडायला गेलो, काढायला उशीर झाला. सगळं सांगितलं, फक्त चिमीचं रडणं ऐकल्याचं सांगितलं नाही. तेवढं काही केल्या तोंडातून निघेना.

बायको तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले.

"आणि मावशींचं नाव तुम्हीच घेतलंत."

"हो."

"मला वाटत होतं माझंच काही चुकलं. मी तिला गार वाऱ्यात नेलं होतं." ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली, पण खडे आणि तांदूळ एकाच ढिगात टाकत होती. "आईंना सांगा."

आईने ऐकून घेतलं आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "तुझं मन मऊ आहे रे. तिची दया येते तुला. पण माझा लेप असा भाजत नाही. ती उंबऱ्यावर बसली ते सगळ्यांनी पाहिलं."

"आई, मी सांगतोय ना!"

"सांगू नकोस," आई म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज कापत होता. "बाहेर तर अजिबात सांगू नकोस."

तो बाहेर गेला आणि त्याने सांगितलं. वारा पडला होता म्हणून सगळे खळ्यावर बसून होते. तडतड्याने दगडांच्या ओळीवर उभं राहून सगळं बोलून टाकलं. मग ढोल्या उठला आणि त्याने तडतड्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"माणूस मोठा हो मनाचा. म्हातारीला जावं लागू नये म्हणून स्वतःवर घेतोय."

"आम्ही उगाच तुला बडबड्या समजत होतो," दुसरा कोणीतरी म्हणाला. बायका डोळे पुसत होत्या. आणि एवढं होऊन सुपवालीला बोलवा असं एकाच्याही तोंडून निघालं नाही. तडतड्याला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला चार माणसांत मान मिळाला होता, आणि तो असा.

त्याने सदरा काढला.

"मोहरी आण," तो पाठोपाठ आलेल्या बायकोला म्हणाला. "वाट. पीठ चिमूटभर. मी सांगतो तेवढंच."

तिने ढिगातलीच मोहरी घेतली, घरी जाऊन वाटली आणि फडक्यात घालून आणली. मागोमाग आई चिमीला घेऊन आली. बायकोने फडकं त्याच्या छातीवर ठेवलं आणि पाठीवर गाठ बांधली. कोणीतरी जाऊन सुपवालीला बोलावून आणलं. ती खळ्याच्या कडेला उभी राहिली, आत आली नाही.

आधी नुसतं गार लागलं. मग कोमट, मग ऊब, आणि लोक म्हणाले की यात काय आहे. मग ऊब आत शिरली. सुया टोचल्यासारखं झालं, मग त्या सुया तापल्या. तडतड्याने दोन्ही हात मांड्यांवर दाबून धरले. त्याच्या मानेवर घाम आला. फडक्याच्या कडेने लाली पसरत गळ्यापर्यंत चढली. आई पुढे आली, तिने फडक्याची कड बोटाने जराशी उचलून पाहिलं, आणि तिचा हात तसाच राहिला. असली लाली तिने आपल्या लेपाखाली कधी पाहिली नव्हती, आणि नातीच्या छातीवर पाहिली होती. ती दोन पावलं मागे गेली आणि ढिगाशेजारी मातीतच बसली.

"माझ्या हातून काय झालं हे," ती म्हणाली. तिला सुपवालीकडे बघवेना.

ढोल्याने घसा खाकरला. "मावशी, उद्या वारा सुटला की आधी माझ्या खळ्यावर या." दुसऱ्याने म्हटलं, मग आमच्याकडे. तिसऱ्यानेही म्हटलं. सुपवालीने त्यांच्यापैकी कोणालाही उत्तर दिलं नाही. ती तडतड्याकडे बघत होती.

तडतड्याला आता श्वास घेववत नव्हता. काम झालं होतं, सगळ्यांना पटलं होतं. त्याने गाठीकडे हात नेला. बायकोची बोटं आधीच गाठीवर होती, ती सोडवत होती.

"पोरीच्या अंगावर एवढाच वेळ होता का रे?" सुपवालीने विचारलं.

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

तडतड्याने हात खाली घेतला. "नाही," तो म्हणाला. "ढोल्याशी माझं भांडण संपेपर्यंत होता."

ते भांडण तिथल्या प्रत्येकाने पाहिलं होतं. किती लांबलं होतं ते सांगायची कोणाला गरज नव्हती. ढोल्याने मान खाली घातली.

"मग ती रडली नाही?"

तडतड्याने वर पाहिलं. आईच्या मांडीवर चिमी मोहरीत बोटं घालून खेळत होती.

"रडली," तो म्हणाला. "मला ऐकू आलं होतं. लोक हसतील म्हणून मी गेलो नाही."

त्याच्या पाठीवरची बोटं थांबली. बायको त्याच्या मागे होती, तिचा चेहरा त्याला दिसत नव्हता. तिने अर्धी सोडलेली गाठ पुन्हा घट्ट बांधली, सासूच्या मांडीवरून चिमीला उचललं आणि घराकडे चालू लागली.